अंगठ्याएवढी नोट

“बघा पोतदारसाहेब, ह्या चिटोऱ्यावर माझ्या पोरीचं लगीन अडलंय. नोट हाय का न्हाय, तेवढं लिवून द्या.”

अत्तारचाचांनी आपली जाडजूड वही माझ्यासमोर उघडून ठेवली आणि एका जागी बोट टेकवलं. मी बघितलं. बघण्यासारखं फार काही नव्हतंच. पानाच्या मधोमध सोनेरी बेगडाची चौकट आणि चौकटीत अंगठ्याएवढा हिरवट कागद. त्यावर कुणी दाढीवाला, राजा म्हणा नाहीतर सेनापती म्हणा. शिवाय दहाचा आकडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘बानी’ असा शब्द. मी आजवर हजारो नोटा हाताळल्या होत्या, पण नखानं झाकून जाईल अशी नोट काही पाहिली नव्हती.

मी तेव्हा कोल्हापूरच्या शाहूपुरीत एका पेढीवर पोतदार होतो. पोतदार म्हणजे पैशाची पारख करणारा. रुपया खणकन वाजवून बघायचा, नोट उजेडाला धरून बघायची, खोटं असेल ते बाजूला काढायचं. गुळाच्या हंगामात मुंबईहून व्यापाऱ्यांच्या नोटा टपालानं यायच्या, त्याही अर्ध्या कापून. एक तुकडा आजच्या टपालानं, दुसरा पहिल्याची पोच मिळाल्यावर. चोरानं एक तुकडा मारला तरी त्याला उपयोग नाही. ते तुकडे नंबर बघून जुळवायचे आणि चिकटवायचे हेही माझंच काम. महाराजांच्या अमलात पेठ भरभराटीला आली होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. आणि खरं सांगायचं तर, माझी नजर चुकत नाही असा मला चांगलाच माज होता.

अत्तारचाचांचं दुकान आमच्या पेढीपासून हाकेच्या अंतरावर. हिना, केवडा, मोगरा, जे मागाल ते. पण माणसाला खरा नाद होता कागदांचा. परदेशी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, साबणाची वेष्टणं, काडेपेटीवरची चित्रं, टपालाची तिकिटं आणि दोन-चार नोटा. तीस वर्षं जमवलेलं सगळं त्या वहीत होतं. प्रत्येक कागदाला बेगडाची चौकट. अत्तराच्या बाटलीच्या गळ्याला बेगड लावतात ना, तीच. वही उघडली की पेढीवर केवडा दरवळायचा आणि आमचे कारकून उगाच जवळ येऊन उभे राहायचे.

“लग्नाचं आणि ह्या कागदाचं काय नातं?” मी विचारलं.

चाचांनी सांगितलं ते असं. त्यांच्या जैनबला गडमुडशिंगीचं स्थळ आलं होतं. मुलगा दस्तगीर, धंद्यानं नालबंद, म्हणजे घोड्याबैलांना नाल ठोकणारा. पहिल्या मोठ्या लढाईत पलटणीच्या खेचरांबरोबर बसऱ्याला गेला, लढाई थांबल्यावर पुढं इस्तंबूलला जाऊन आला. घर चांगलं, हाताला काम, निर्व्यसनी. मंगनीची बोलणी झाली. होणाऱ्या सासऱ्याला कागदांचा नाद आहे हे ऐकून पोरानं हौसेनं इस्तंबूलहून आणलेला हा कागद भेट दिला आणि म्हणाला, “चाचा, ही रुमानिया मुलखाची नोट हाय.”

चाचा हसले. “आरं, कसली नोट? ही बाटलीवरची चिठ्ठी हाय. बानी कंपनी, धा नंबरचं अत्तर. असले दाढीवाले मी तीस वर्सं चिकटवतोय.”

पाहुणेमंडळी हसली. पोरगं लाल झालं आणि बोलून गेलं, “तुमास्नी अत्तरातलं कळतं, चाचा. पैशातलं न्हाय.”

झालं! भरल्या बैठकीत होणाऱ्या सासऱ्याला असं बोलल्यावर काय राहिलं? चाचा उठले. मोठ्या माणसांनी मध्ये पडून तोड काढली, की पोतदाराला दाखवा, तो म्हणेल ते खरं.

“नोट निघाली तर पोरगा खरा, लगीन पक्कं,” चाचा मला म्हणाले. “चिठ्ठी निघाली तर पोरगा थापाड्या. लढाईवरनं आल्याली पोरं लई हाणत्यात. एक तर सांगत हुता, बसऱ्यात खजूर नारळाएवढा असतोय. कागदावर खोटं बोलणारा उद्या संसारात काय खरं बोलणार?”

मी भिंग काढलं. नोट ओळखायच्या आमच्या ठरलेल्या चार खुणा. एक, नंबर. दोन, अधिकाऱ्याची सही. तीन, ‘एवढे रुपये देण्याचं वचन देतो’ असा मजकूर. चार, कागदातली पाण्याची खूण, जी उजेडाला धरल्यावर दिसते. नंबर नव्हता. सही नव्हती. वचनबिचन काही नव्हतं. वही उचलून पान खिडकीला धरलं, तर पुठ्ठ्यासारख्या जाड पानातून उजेडच येईना. म्हटलं, चौथी खूणही नाही. कडा बेगडाखाली झाकल्या होत्या, त्या मला बघाव्याशाही वाटल्या नाहीत.

दौत ओढली आणि पेढीच्या कागदावर लिहून दिलं: ‘सदर कागद तपासला. नोटेची एकही खूण आढळली नाही. सबब ही नोट नव्हे.’ खाली झोकदार सही.

चाचांनी ते दोनदा वाचलं. “म्हटलं नव्हतं?” असं म्हणून मान ताठ केली. पण वहीला फडकं गुंडाळताना हळूच बोलले, “पोरगं तसं चांगलं हुतं हो.” आणि निघून गेले. मला जरा वाईट वाटलं. पण पारख म्हणजे पारख, तिथं दयामाया काय कामाची, असं मनाशी म्हणून मी पुढची थैली सोडली.

दोन आठवडे गेले. एके दिवशी सकाळी पेढी उघडतोय तोच एक उंचापुरा गडी समोर येऊन उभा राहिला. कमरेला चामड्याचं पटकूर, हाताला घोड्याचा वास.

“पोतदार तुम्हीच काय?”

“होय.”

“नोट न्हाय म्हणून तुम्हीच लिवलासा?”

“मीच.”

“मग आता मुडशिंगीला येऊन माझ्या आयेला बी तुम्हीच समजवा. ती जेवंना. आन् गावातली माणसं मला ‘बानी कंपनी’ म्हणून हाक मारत्यात.”

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात दडवलं. बसा म्हटलं, पाणी दिलं, आणि चार खुणा समजावून सांगितल्या. दस्तगीरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“ह्या तुमच्या नोटंच्या खुणा झाल्या की, साहेब. त्यांच्या नोटंवर न्हाईत, तर मी काय करू?”

“बरं, तुम्हाला मिळाली कुठं ती?”

“इस्तंबूलच्या बंदरावर. एक रुमानियावाला घोडी घिऊन आलता. त्याच्या घोडीचा नाल निसटल्याला, मी ठोकून दिला. त्यानं पैसं दिलं, आन् वर ह्यो कागद हसत हसत हातावर ठिवला. मी खुणंनं इचारलं, एवढीशी नोट कशापायी? तर त्यानं कोटाचं पितळी बटण दावलं, चाबकाची कडी दावली, आन् तोंडानं धडाम धडाम करून तोफ उडवल्यागत केलं. म्हंजे धातू समदा लढाईत गेला. चिल्लर पाडायला काय उरलंच न्हाय, तवा चिल्लर कागदावर छापली.”

चिल्लर! अहो, तांब्याच्या पैशावर कधी कुणी सही बघितली आहे का? पैशाला नंबर असतो? पैसा कधी कुणाला वचन देतो? मी शंभराच्या नोटेच्या खुणा एका पैशात शोधत बसलो होतो. आणि ही गोष्ट मला कळू नये? लढाईत चांदीची टंचाई झाली तेव्हा आपल्याकडेसुद्धा एक रुपयाची कागदी नोट निघाली. खेड्यातले लोक ती माझ्या अंगावर टाकायचे. म्हणायचे, ही चिंधी नको, रुपाया द्या. मीच त्यांची समजूत काढत होतो की बाबांनो, लढाई आहे, कागदसुद्धा पैसा असतो म्हणून.

मी काही बोलणार, एवढ्यात दस्तगीर म्हणाला, “आन् मागल्या अंगाला मुकुट हाय, ढाल हाय. त्ये तरी बघितलंसा न्हवं?”

मी भिंग पुसायला घेतलं.

“बघितलंच न्हाय व्हय?” तो एवढ्यानं ओरडला की समोरच्या गुळाच्या अडतीवरचे हमाल थांबून बघायला लागले.

आता माझी बाजूही सांगतो. त्या काळी आपल्या मोठ्या नोटा एकाच बाजूला छापलेल्या असत. पाच, दहा, पन्नास, शंभर, सगळ्यांची पाठ कोरी. इतकी वर्षं त्याच नोटा बघून माझ्या हाताला उलटायची सवयच उरली नव्हती. चाचांचंही तेच. बाटलीवरची चिठ्ठी मागून कोरीच असते, तिथं गोंद लागतो. म्हणजे आम्ही दोघंही आपापल्या धंद्यातले पक्के, आणि दोघांनीही कागदाचं फक्त तोंड बघून निकाल दिला. पण रुपयाची नवी नोट दोन्हीकडून छापलेली होती आणि ती रोज माझ्या हातात येत होती. तेव्हा मला सबब नाही. मी चुकलो होतो, आणि माझ्या झोकदार सहीनं एका पोराचं लग्न मोडलं होतं. लाज वाटली मला.

“शुक्रवारी गडहिंग्लजचं पावणं येणार हायत पोरीला बघाय,” दस्तगीर आवाज उतरवून म्हणाला. “आज बुधवार. काय करायचं असंल तर आजच करा, साहेब. मी तिला एकदाच बघितलंय. पर मला तिच्याशीच लगीन करायचं हाय.” एवढा दांडगा गडी, पण हे सांगताना जमिनीकडे बघत होता.

मी पेढीच्या मालकांकडे गेलो. मालकांना सगळे अण्णा म्हणत. मूळचे गडहिंग्लजच्या बाजूचे, बोलणं तुटक, तोंडात कायम सुपारी. मी सगळं सांगितलं.

“पेढीच्या कागदावर दिलंत?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

“सही?”

“केली.”

“उलटून न बघता?”

“हो.”

“अय्यो! पोतदार, अहो बैल घेणारा अडाणी माणूसबी एकदा शेपटीकडनं फेरी मारून येतो की!” अण्णांनी सुपारी थुंकली. “जावा. बघून या. चुकलं असंल तर पेढीच्याच कागदावर लिहून द्या. आणि त्या मुडशिंगीकराला संगट नेऊ नका, दोघं भांडतील.”

म्हणून मी एकटाच चाचांच्या दुकानी गेलो. चाचा गिऱ्हाइकाच्या मनगटाला अत्तर लावत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो आणि एका दमात सांगून टाकलं, “चाचा, माझी पारख बहुतेक चुकली. वही काढा. तो कागद सोडवून मागून बघायचाय.”

चाचांचा चेहरा कठीण झाला. “वहीला हात लावायचा न्हाय.”

“का?”

“तुम्ही लिवून दिलंय. सही हाय खाली. लिवल्यालं खरं मानू का आता तोंडानं बोलताय ते? त्या पोरानं येऊन कान भरलं असतील तुमचं.”

“आला होता. पण चूक माझी आहे.”

“आन् मी पावण्यांस्नी शुक्रवारचा सांगावा धाडलाय, त्याचं काय?”

“चाचा, आधी बघू तर. नोट नसली तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. पातेल्यात पाणी उकळू, वाफ देऊ. गोंद सुटेल.”

“वाफ?” चाचांनी वही छातीशी धरली. “आन् पान फुगलं तर? त्याच पानाच्या मागं माझं काश्मीरचं तिकीट हाय! मरताना बापानं दिल्यालं!”

बराच वेळ असं चाललं. पोरीच्या लग्नापेक्षा त्यांना काश्मीरच्या तिकिटाची काळजी, असं मला तेव्हा वाटलं. पण तसं नव्हतं. माणूस आपल्याच तीस वर्षांच्या जाणतेपणाला घाबरला होता. नोट निघाली असती तर भरल्या बैठकीत तो पोरगा खरा आणि आपण खोटे. माझंही तसंच होतं, म्हणून मला ते ओळखू आलं. शेवटी मी धंद्याचा साधा प्रश्न विचारला. आम्हीही तुकडे चिकटवतो, त्यातलं मला कळतं.

“बरं, लावलंय काय? खळ की डिंक? खळ असेल तर वाफेशिवाय सुटायची नाही. डिंक असेल तर ओल्या फडक्यानं भागेल.”

“मला काय ठावं?” चाचा पुटपुटले. “बारीक दिसंना झाल्यापास्नं चिकटवायचं समदं पोरगीच बघती.” आणि आतल्या पडद्याकडे तोंड करून हाक मारली, “जैनब! त्या हिरव्या कागदाला काय लावलंस गं?”

पडद्याआडून लगेच उत्तर आलं. “डिंक. पर फकस्त वरच्या कडंला, अब्बा. खालनं मोकळाच हाय. बेगड बी खालनं सुटी हाय. बोटानं उचलला की उचलतोय.”

चाचा माझ्याकडे बघायला लागले, मी चाचांकडे. मग मीच वही त्यांच्या हातातून घेतली, पान उघडलं आणि बेगडाच्या खालून करंगळीचं नख घातलं. कागद दाराच्या झडपेसारखा अलगद वर आला.

मागं मुकुट होता. मुकुटाखाली ढाल होती. बेगडाखालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरं होती. भाषा कळेना, पण ‘मिनिस्टर’ आणि ‘फायनान्स’ हे शब्द कुठल्याही देशाच्या टोपीत ओळखू येतात. सरकारी खजिन्याचा कागद! अत्तराच्या बाटलीवर कुठलं सरकार आपली राजमुद्रा छापायला बसलंय? भिंग मी चाचांच्या हातात दिलं. त्यांनी बघितलं. पुन्हा बघितलं. मग भिंग खाली ठेवून पडद्याकडे वळले.

“तुला ठावं हुतं?”

“चिकटवताना बघितलं की.”

“आन् बोलली न्हाईस? पंधरा दिस ह्या घरात कुणाला जेवण गोड लागंना, आन् तू गप?”

मग ती म्हणाली, “माझ्याच लग्नाचं मी कसं बोलायचं, अब्बा? पोरीलाच घाई झालीया म्हणाली असती माणसं. आज तुम्ही डिंकाचं इचारलासा, म्या डिंकाचं सांगितलं.”

मला राहवलं नाही. “मुली, मग वरच्याच कडेला का चिकटवलास?”

“कुणीतरी उलटून बघंल म्हणून. वही तुमच्याकडं गेली तवा वाटलं, आता पोतदारच हायत, बघतीलच.”

काय सांगू, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. एवढीशी पोर, तिनं माझ्यासाठी वाट मोकळी ठेवली होती, आणि मी चार खुणा मोजत बसलो होतो. चाचा मात्र असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं किती हसण्याचं होतं कुणास ठाऊक. “बापाला न्हाय कळलं, पोतदाराला न्हाय कळलं,” असं म्हणत त्यांनी डोळे पुसले, आणि तिथल्या तिथं एका माणसाला गडहिंग्लजला निरोप देऊन पिटाळलं. दुसऱ्याला मुडशिंगीला.

मी दुकानातच बसून पेढीच्या कागदावर दुसरं लिहून दिलं: ‘सदर कागद ही परदेशी सरकारी नोटच आहे. माझा पहिला अभिप्राय चूक होता. कारण, मी मागची बाजू पाहिली नव्हती.’ खाली सही. ह्या खेपेला झोकदार आली नाही.

अण्णांनी मुंबईच्या आडत्याला पत्र घालून खात्री करून घेतली. त्यानं बंदरावर खलाशांचे पैसे बदलून देणाऱ्या सराफाला विचारून कळवलं की नोट रुमानियाचीच, दहा बानींची. शंभर बानींचा एक लेऊ, म्हणजे आपल्या रुपयासारखं त्यांचं नाणं. लढाईत धातूची चिल्लर दिसेनाशी झाली म्हणून छापली. आणि नोट म्हणून एवढासा कागद त्यानंही दुसरा पाहिला नव्हता. दस्तगीरनं ते पत्र माझ्याकडून मागून नेलं आणि मुडशिंगीच्या चावडीवर मोठ्यानं वाचून घेतलं म्हणे. तरी ‘बानी कंपनी’ हे नाव काही सुटलं नाही. लग्नाच्या दावतीत त्याचे दोस्त त्याला त्याच नावानं हाक मारत होते आणि तोही ‘ओ’ देत होता. बिर्याणी झकास होती. मी तीनदा वाढून घेतली.

पुढं काही महिन्यांनी सहज चाचांच्या दुकानी गेलो होतो. कुणी निपाणीकडचे पाहुणे वही बघत बसले होते. ती नोट आता बेगडाशिवाय, वरच्या कडेला चिकटवलेली, ज्याला पाहिजे त्यानं उलटून बघावी. समोरच्या पानावर मात्र सोनेरी बेगडाची भली मोठी चौकट, आणि तिच्यात शेजारी शेजारी माझे दोन्ही कागद.

“ह्ये काय हो?” पाहुण्यांनी विचारलं.

“ती नोट काय, रुमानियात ढिगानं मिळंल,” चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. “पर पोतदारानं आपली चूक सहीनिशी लिवून दिल्याला कागद उभ्या कोल्हापुरात ह्यो एवढाच हाय.”

तेव्हापासून माझ्यासमोर काहीही आलं तरी मी ते आधी उलटून बघतो. आणि ते कुणी चिकटवलं आहे, हे विचारतो. पहिल्या सवयीपेक्षा ह्या दुसरीनंच मला जास्त वेळा वाचवलं आहे.